अच्युत कानविंदे : आचऱ्याचे वास्तुकार



मुंबईची सहल म्हटली की वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र यादीत असतंच. आतले प्रयोग मुलांना आठवतात, पण ती इमारत आखली कोणी, हे सहसा कुणी विचारत नाही. ती आखली अच्युत कानविंदे यांनी.

त्यांचा जन्म १९१६ साली कोकणातल्या आचरा गावी झाला. ते दोन वर्षांचे असतानाच आई गेली. वडील चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते वास्तुकला शिकले. १९४५ मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवलं. तिथे वॉल्टर ग्रोपियस शिकवायचे. जर्मनीतली प्रसिद्ध बाउहाउस शाळा काढणारे ते हेच. वरवरची नक्षी नको, इमारत ज्या कामासाठी आहे ते काम तिथे नीट झालं पाहिजे, हा विचार घेऊन कानविंदे परतले. अहमदाबादची ‘अटिरा’ ही कापड संशोधन संस्था त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत त्यांनी दिल्लीत स्वतःचं काम सुरू केलं.

त्यांचं सर्वात मोठं काम म्हणजे आयआयटी कानपूर. हजार एकरांहून मोठी जागा, म्हणजे एक छोटं गावच! त्यांनी मोटारींचे रस्ते कडेला ठेवले. मध्ये ग्रंथालय, वर्ग, प्रयोगशाळा आणि त्यांना जोडणाऱ्या सावलीच्या पायवाटा. उत्तरेतल्या कडक उन्हात मुलं एका इमारतीतून दुसरीत सावलीतून चालत जाऊ शकतात, गाडी आडवी येत नाही. आपल्या भिवंडीत ट्रक, टेम्पो आणि दप्तरवाली मुलं एकाच रस्त्याने जातात, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. (उघडं काँक्रीट मात्र मला आवडत नाही. आपल्या पावसात ते काळं पडतं.)

पुढे गुजरातमध्ये मेहसाणाच्या दूधसागर डेअरीत त्यांनी छपरावर उंच धुराड्यांसारखे झरोके काढले, आतली गरम हवा वर निघून जावी म्हणून. पत्र्याखाली चालणारे यंत्रमाग ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल.

२००२ मध्ये ते वारले.

चौथी-पाचवीच्या मुलांना मोबाईलच्या नकाशावर आयआयटी कानपूर दाखवा. गाड्यांचा रस्ता कुठला, चालण्याची वाट कुठली, ते शोधायला सांगा. मग आपल्या शाळेभोवतीचा नकाशा वहीत काढायला लावा.