डॉक्टर एशेरिख

बालरोगांचे डॉक्टर थिओडोर एशेरिख यांचा जन्म १८५७ सालीं जर्मनींतील आन्सबाख गांवीं झाला. म्युनिक येथें तान्ह्या मुलांचा मळ तपासतांना (काम किळसवाणें, असें आम्हांस वाटतें!) १८८५ सालीं त्यांस एक दंडाकृति जंतु आढळला. आंतड्यांत बहुधा निरुपद्रवी असणारा हा जंतु मूत्राशयांत शिरला म्हणजे दाह उत्पन्न करितो, हें १८९४ सालीं त्यांनीं लहान मुलींच्या दुखण्यांत दाखविलें. त्यास मारणारीं औषधें मात्र तेव्हां नव्हतीं. १९११ सालीं व्हिएन्नास ते वारले. त्यांचेंच नांव आतां त्या जंतूस आहे. औषधें आलीं, पण तीं आम्ही नाहक, मनास येईल तशीं घेतों. दुर्बळ जंतु मरतात, चिवट उरतात व वाढतात. मूत्रदाहाच्या कित्येक रोग्यांस पूर्वींचीं औषधें आज लागू पडत नाहींत.