एस्थरची नवीकोरी कार्डं

फेब्रुवारी आला की एखादी तरी मैत्रीण हातानं कार्ड बनवताना दिसतेच. सध्या चलती आहे ती ‘जुन्या’ कार्डांची. कागद कॉफीत बुडवायचा, कडा फाडायच्या, अॅक्रिलिक रंगात खायचा सोडा कालवून खरबरीत थर द्यायचा आणि त्यावर स्पंजनं तपकिरी, नारिंगी रंग टिपायचे. वाळलं की डिट्टो गंजलेला पत्रा! वर लेस आणि गुलाबाचं कात्रण चिकटवलं की झालं काम.

पण लेस-गुलाबांचा हा थाट ज्या कार्डांवरून आलाय, ती बनली तेव्हा पांढरीशुभ्र होती. तपकिरी झाक नंतर काळानं दिली. आणि ती बनवायला लागली तेव्हा एस्थर हाऊलंड तुमच्याच वयाची होती.

एस्थर १८२८ सालची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावची. वडिलांचं पुस्तकं आणि स्टेशनरीचं दुकान होतं. माउंट होलिओक या मुलींच्या संस्थेतून ती १८४७ मध्ये शिकून बाहेर पडली. गंमत बघा, त्या संस्थेत व्हॅलेंटाइन पाठवायला मनाई होती! कवयित्री एमिली डिकिन्सन त्याच वर्षी तिथं शिकायला आली आणि या बंदीबद्दल तिनं भावाला पत्रात कळवलंही होतं.

त्याच सुमारास एस्थरच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन पडलं. तिला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल, कदाचित जास्तच चांगलं. वडिलांमार्फत तिनं कागदी लेस आणि रंगीत चित्रं मागवली आणि डझनभर नमुने तयार केले. दुकानाच्या मालाच्या ऑर्डरी घ्यायला भाऊ फिरतीवर निघाला होता, त्याच्या बॅगेत ते टाकले. दोनशे डॉलरचं काम मिळालं तरी खूप, असा तिचा हिशेब. भाऊ परतला तो पाच हजार डॉलरच्या ऑर्डरी घेऊन!

आता एवढी कार्डं एकटीनं करणार कशी? तिनं मैत्रिणींना बोलावलं आणि घरातच कारखाना मांडला. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं ती लेसवर मांडायची, तिसरीनं चिकटवायची. पुढे काम वाढलं तेव्हा घरोघरच्या बायकांकडे सामानाची पेटी आणि एक नमुना पोचवला जायचा, आठवड्यानं तयार कार्डं गोळा व्हायची. मजुरी बरी मिळायची असं सांगतात. कार्डांच्या मागं मात्र शिक्का असायचा तो फक्त एस्थरच्या आडनावाच्या ‘एच’चा. त्या बायकांची नावं तिथं नाहीत.

अमेरिकेतलं पहिलं व्हॅलेंटाइन तिनंच केलं, असं कुठं कुठं छापलेलं असतं. ते काही खरं नाही, लोक आधीही घरी बनवायचेच. तिचं खरं डोकं दिसतं ते मांडणीत. पांढऱ्या लेसमागं ती रंगीत, चकचकीत कागदाचा छोटा तुकडा लावायची, त्यामुळं नक्षी उठून दिसायची. थरांमध्ये कागदाच्या घडीच्या स्प्रिंगा घालून चित्र वर उचलायची. मजकूर शक्यतो आतल्या पानावर. तो पसंत नसेल तर? त्याचीही सोय होती! १८७९ मध्ये तिनं १३१ कवितांचं एक पुस्तक काढलं. आवडेल ती कविता निवडायची आणि आतल्या मजकुरावर चिकटवायची. आपल्या ‘कस्टमाइज्ड’ कार्डाची ही पणजीच म्हणायची.

तिची काही कार्डं पाच सेंटला मिळायची, तर काहींची किंमत डॉलरमध्ये असायची. गुडघ्याच्या दुखापतीनंतर बरीच वर्षं तिनं हा पसारा व्हीलचेअरवरून सांभाळला. आणि १८८०च्या सुमारास, धंदा नीट चालत असताना, आजारी वडिलांची सेवा करायला तो विकून टाकला, तोही गावातल्याच एका प्रतिस्पर्ध्याला. तिला काय वाटलं असेल, कोण जाणे. मला तरी ही गोष्ट इथं टोचते.

हजारो जणांचं प्रेम पोचतं करणाऱ्या एस्थरनं स्वतः लग्न केलं नाही. १९०४ मध्ये ती गेली. तिची कार्डं आता पिवळी-तपकिरी पडलीत. जुन्या व्हॅलेंटाइनचे शौकीन मात्र कार्ड हातात आलं की आधी उलटं करतात आणि मागं तो छोटा लाल ‘एच’ शोधतात.