कुदळ आणि पुस्तक

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. मुले उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कमवा आणि शिका योजनेत गरीब विद्यार्थी अंगमेहनत करून शिकले. १९५९ मध्ये भाऊराव निवर्तले.

प्रभू येशूनेही सुतारकाम केले. मग मनमाडच्या कॉलेजात काम करून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी लाज का बाळगावी? त्यांच्या फीसाठी, पुस्तकांसाठी आपण काय देणार, हे प्रत्येक कुटुंबाने आज प्रार्थनेत ठरवावे.