विश्लेषण : नायलॉनच्या जनकाची अडचणच प्लास्टिक कचऱ्यावर उपाय कशी ठरली?

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारींत एअरबॅगचे कापड सहसा नायलॉनचे असते, तर सीटबेल्ट पॉलिएस्टरचा. गाडी भंगारात गेल्यावर या प्लास्टिकचे करायचे काय? पिंपरी-चिंचवडच्या कचऱ्यापासून मोशीत वीज तयार केली जाते. पण जाळलेले प्लास्टिक कच्चा माल म्हणून परत मिळत नाही. रासायनिक पुनर्वापरात तो मिळतो. त्यामागचे रसायन समजून घ्यायला वॉलेस कॅरोदर्स यांचे आयुष्य उपयोगी पडते.

कॅरोदर्स कोण होते?

अमेरिकेतील आयोवा राज्यात २७ एप्रिल १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागले. १९२८ मध्ये ड्युपाँट कंपनीने त्यांना मूलभूत संशोधनासाठी विल्मिंग्टनला बोलावले. आपल्याला नैराश्याचे झटके येतात, याची कल्पना त्यांनी कंपनीला आधीच दिली होती.

अडचण कोणती होती?

लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी तयार करायची, हे त्यांचे काम. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटे आणि तेच पाणी उलट साखळी तोडू लागे. त्यामुळे साखळी ठरावीक लांबीपुढे वाढेना. निर्वात उपकरणात हे पाणी सतत काढून घेतल्यावर १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी पॉलिएस्टरचा मजबूत धागा ओढून दाखवला. त्याच वर्षी त्यांच्या गटाला निओप्रीन हे कृत्रिम रबरही सापडले. तो पॉलिएस्टर गरम पाण्यात टिकत नव्हता. अखेर २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६,६ तयार झाले.

पुढे काय झाले?

१९३६ मध्ये त्यांचे लग्न झाले, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडही झाली. मात्र १९३७ च्या जानेवारीत लाडकी बहीण इझाबेल गेली आणि नैराश्य बळावले. आपल्या हातून आता नवे काही घडणार नाही, या भावनेने त्यांना ग्रासले. एकेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, २९ एप्रिल १९३७ रोजी त्यांनी आयुष्य संपवले. मुलगी जेनचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी झाला. नायलॉन बाजारात आलेले त्यांनी पाहिले नाही.

आज त्याचा उपयोग काय?

जे पाणी त्यांना बाहेर काढावे लागले, तेच आज मुद्दाम आत सोडले जाते. उष्णता, दाब आणि आम्लासारख्या रसायनांच्या मदतीने पाणी नायलॉनची साखळी तोडते आणि मूळ घटक सुटे होतात. पॉलिएस्टरच्या बाटल्यांवर पाण्याऐवजी ग्लायकॉल वापरता येते. नाशिक जिल्ह्यातील अवनखेड येथे याच पद्धतीने बाटल्यांपासून पुन्हा पॉलिएस्टर धागा तयार करण्यात आला.

मर्यादा कोणत्या?

कॅरीबॅगच्या पॉलिथिनला ही युक्ती लागू पडत नाही. त्याच्या साखळीत पाण्याने तुटणारे सांधेच नसतात. ते हवेविना खूप तापवून तेल-वायू मिळवावे लागतात. त्यामुळे कोणते प्लास्टिक कुठले, हे वेगळे करणे ही पहिली पायरी ठरते. भंगारात एअरबॅगचे कापड आणि कॅरीबॅग एकत्र आल्या, तर कॅरोदर्स यांचे रसायनही कामाचे राहत नाही.