नीलकंठशास्त्री गोऱ्हे आणि अश्रद्धाच्या पापाचा प्रश्न

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झांशीनजीक एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. हे कुटुंब पुढे काशीस स्थायिक झाले व तेथेच त्यांचे शास्त्राध्ययन घडले.

१८३९ साली जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले. सोमनाथ आणि हरचंद्र तर्कपंचानन या पंडितांनी त्याचे खंडन केले. त्यांच्यामागून विशीतील नीलकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्यांचा मुख्य आधार कर्मसिद्धान्त होता. जीवाला पूर्वजन्म नसेल, तर जन्मतः दिसणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेचा दोष ईश्वराकडेच जातो. आणि एका आयुष्यातील परिमित पापास अनंत नरक हे दंडाचे प्रमाण न्यायास धरून नाही. या युक्तिवादाच्या ओघात आणखी एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नावही कधी पडले नाही, त्याला कोणत्या न्यायाने अपराधी ठरवावे?

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेचे उत्तर एकपदरी नाही. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणात नियम लिहिलेला असल्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे अश्रद्धाचे उत्तरदायित्व न ऐकलेल्या शुभवर्तमानावर नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीवर आधारलेले ठरते. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात, धन्याची इच्छा न जाणणाऱ्या दासास सौम्य शिक्षा सांगितली आहे. अज्ञानाने दोष उणावतो. तो सर्वस्वी नाहीसा होत नाही.

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालता घालता नीलकंठशास्त्रीच ख्रिस्ती मताकडे ओढले गेले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपुरास त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नेहेम्या झाले. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वेदान्तावरील त्यांचा आक्षेप उत्तरदायित्वाच्याच अंगाने जातो. पाप व्यावहारिक पातळीवरच खरे आणि जीव परमार्थतः ब्रह्मच, असे मानले तर पश्चात्तापाला अर्थ कोणता उरतो, हा त्यांचा सवाल होता. १८७० साली त्यांना अँग्लिकन पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. ब्राह्मसमाजीयांशी झालेल्या वादात त्यांनी शाश्वत शिक्षेच्या सिद्धान्ताचे समर्थन केले. तरुणपणी ज्यावर आघात केला होता, त्याच सिद्धान्ताचे हे समर्थन होते. तथापि बौद्धिक शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी मांडलेला एक विचार विशेष लक्षणीय आहे. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा या भावांची ओळख हिंदू परंपरेने भारतीय मनास आधीच करून दिली आणि ती ख्रिस्ताच्या स्वीकाराची ईश्वरकृत पूर्वतयारी होय, असे ते मानीत. या भूमिकेत अश्रद्ध हा केवळ आरोपी राहत नाही. ईश्वराने त्यालाही काही दिलेले असते. मात्र जे दिले त्याचा जाब तर मागितला जाणारच, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागील बौद्धिक प्रेरणांत त्यांच्या लेखनाचा वाटा होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे संस्कृत खंडन व उत्तरकालीन ख्रिस्ती लेखन सहसा परस्परविरोधी म्हणून वाचले जाते. वस्तुतः दोहोंत ईश्वराच्या न्यायाचाच शोध आहे. बदलली ती त्यांची बाजू.