विश्लेषण : जिभेचे ‘च्यक्’ डार्विन यांना का उलगडले नाही?

मालवणच्या मासळी बाजारात सुरमई उरली आहे का, असे विचारले की विक्रेती मान किंचित मागे झटकते आणि जिभेने ‘च्यक्’ करते. गिऱ्हाईक समजून पुढे सरकते. भारतातील नकाराची अशीच खूण १८७२ मध्ये चार्ल्स डार्विन यांच्या पुस्तकात नोंदली गेली. तो नकार आहे हे त्यांना कळले होते. त्यासाठी जीभ का वाजवायची, हे मात्र उमगले नाही.

डार्विन या विषयाकडे कसे वळले?

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे जन्मलेले डार्विन १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजातून जग फिरले. वाटेत भेटलेल्या लोकांचे हावभाव त्यांनी टिपले. १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा विल्यम झाला, तेव्हा त्याचे रडणे-हसणेही ते वहीत लिहू लागले. सगळी माणसे एकाच पूर्वजाची असतील, तर त्यांचे चेहरेही सारखेच बोलत असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता.

पडताळणी कशी केली?

१८६७ मध्ये त्यांनी १६ प्रश्नांची यादी छापून जगभर पाठवली. आश्चर्याने डोळे आणि तोंड विस्फारते का, लाजेने चेहरा लाल होतो का, असे ते प्रश्न होते. ३६ उत्तरे आली.

भारतातून काय कळले?

आजचा मालवण तालुका तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. सनदी अधिकारी एच. अर्स्किन यांनी डार्विन यांना भारतातून माहिती पाठवली. गोव्यापलीकडील कॅनराचे न्यायाधीश वेस्ट आणि काही देशी गृहस्थ यांनाही त्यांनी विचारले. होकारासाठी मान अनेकदा डावीकडे कलते, असे एका देशी गृहस्थाने सांगितले. पण अर्स्किन यांची मोठी अडचण वेगळीच होती. युरोपीय माणसासमोर लोक मनातले चेहऱ्यावर येऊच देत नसत. साहेबाच्या हाती सत्ता होती. त्याला दिसणारा चेहरा हा आवरून धरलेला चेहरा होता.

निष्कर्ष काय निघाला?

राग, भीती, आनंद यांसारख्या मुख्य भावना जगभर बऱ्याच अंशी सारख्याच उमटतात, असे डार्विन यांनी मांडले. वंशावरून माणसांची प्रतवारी लावण्याच्या त्या काळात हे महत्त्वाचे होते. होकार-नकाराच्या खुणा मात्र प्रदेशागणिक बदलताना दिसल्या. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले.

मग इमोजीचे काय?

१९८२ मध्ये अमेरिकेत स्कॉट फालमन यांनी सुचवलेल्या विरामचिन्हांच्या चेहऱ्यात हसू ओठांवर होते. जपानी चिन्हांत ते डोळ्यांत असते. भाव ओळखताना जपानी लोक डोळ्यांकडे, तर अमेरिकी तोंडाकडे अधिक पाहतात, असे २००७ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे इमोजी चेहऱ्यासारखा दिसला, तरी बराचसा मानेच्या खुणेसारखा असतो. त्याचा अर्थ शिकावा लागतो. २०२३ मध्ये कॅनडातील एका न्यायालयाने अंगठ्याचा इमोजी ही कराराला संमती मानली आणि माल न देणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई द्यायला लावली. व्यवहाराच्या गोष्टीत म्हणूनच अंगठ्यासोबत ‘हो’ की ‘नुसते वाचले’ हे शब्दांत लिहिलेले बरे. साहेबाप्रमाणेच वरिष्ठांनीही ध्यानात ठेवावे, की हाताखालच्या माणसाने पाठवलेला हसरा चेहरा आवरून धरलेलाही असू शकतो.