एथेलबर्ट ब्लॅटर

फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१५ डिसेंबर १८७७ – २६ मे १९३४) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू आणि मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे, विशेषतः गवतांचे, अभ्यासक होते.

== जीवन ==
१९०३ साली ते मुंबईस आले व सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९०६ साली त्यांनी तेथे सुकविलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

== गवतांचा अभ्यास ==
चार्ल्स मॅककॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३५ साली प्रसिद्ध झाला. तो शेतीसंशोधनाच्या सरकारी परिषदेने छापावा, हे यथोचितच होते. कारण गवत हा चाऱ्याचा, म्हणजे दूधदुभत्याचा व नांगरटीचा प्रश्न होता.

चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली अन्नसाखळीची कल्पना सविस्तर मांडली. ब्लॅटर यांचे कार्य त्या पद्धतीचे नव्हते. त्यांनी केली ती ओळख व वर्गवारी. परंतु साखळीची पहिली कडीच अनोळखी असेल, तर पुढचा हिशेब मांडायचा कसा? गवत सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते; ते नाकतोडा खातो, नाकतोड्यास बेडूक, बेडकास साप आणि सापास गरुड. प्रत्येक पायरीवर बहुतांश ऊर्जा खर्च होऊन ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे सरकतो. म्हणूनच माळावर गवत उदंड आणि गरुड मोजके. शिवाय सगळी गवते सारखी नसतात: मारवेल व पवना गुरे आवडीने खातात, तर कुसळी पक्व झाल्यावर तिच्या टोकदार कुसळांमुळे गुरे तिला टाळतात.

== खाडीकाठच्या वनस्पती ==
१९०५ साली त्यांनी मुंबई इलाख्यातील खारफुटीवर लेख प्रसिद्ध केला. त्या इलाख्यात ठाणे जिल्हाही येई. आज गोडदेव ज्यात मोडते त्या मीरा-भाईंदर परिसरात अशी तिवरे आजही आहेत. येथे साखळी निराळ्या रीतीने चालते. तिवरांची हिरवी पाने फार थोडे प्राणी खातात; गळालेली पाने चिखलात कुजतात. जिवाणू व बुरशी यांनी मऊ केलेला तो पाचोळा खेकडे व कोळंबी खातात, त्यांवर मासे जगतात आणि माशांवर बगळे व माणसे. तिवरे तुटली की कोळ्याचे जाळे रिकामे येते, ते यामुळे.

== संग्रह ==
सेंट झेवियर्स महाविद्यालयातील संग्रह आज ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जातो. पश्चिम भारतातील वनस्पतींची ओळख पटविण्यासाठी अभ्यासक त्याचा उपयोग करतात.